धार लावायची की पातं फेकायचं?

हेडफोन लावले असतील तर आवाज थोडा वाढवा. चर्र... चट. चर्र... चट. ओळखा पाहू.

हा आमच्या मामांच्या सलूनमधला आवाज आहे, मोबाईलवर रेकॉर्ड केलेला. चामड्याच्या पट्ट्यावर जुना वस्तरा फिरवताना असा आवाज येतो. मामांनी तो खास माझ्यासाठी काढून फिरवला, नाहीतर गेली कित्येक वर्षं तो फडक्यात गुंडाळून ड्रॉवरमध्ये पडलाय.

झालं असं, की मी ऑनलाइन एक घडीचा चाकू मागवला. पातं बदलता येणारा. मूठ एक आणि सोबत दहा पात्यांचं पाकीट. मोठ्या कौतुकानं मामांना दाखवायला नेला. त्यांनी उघडला, बंद केला, पात्यावर नख टेकवून बघितलं आणि म्हणाले, "हिला धार कशी लावायची रं?"

म्हटलं, "लावायची नाही मामा. बोथट झालं की फेकायचं, नवीन बसवायचं."

"म्हणजे तू चाकू घेतलास, का पाती घेतलीस?"

हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. म्हणून आजचा भाग.

आपण जाऊया अमेरिकेत. १८८० च्या सुमाराला न्यूयॉर्कच्या कांफे बंधूंनी कातडी कापू नये म्हणून पुढे आडोसा असलेला रेझर काढला होता. सुरक्षित होता, पण त्याचं पातं जाड होतं आणि त्याला वस्त्र्यासारखीच धार लावत बसावं लागायचं. म्हणजे निम्मं दुखणं तसंच राहिलं.

मग येतो किंग कँप जिलेट. हो, 'किंग' हे त्याचं खरंच नाव. तो फिरता विक्रेता होता, बाटलीची झाकणं विकायचा. सोडा बाटलीचं ते दातेरी पत्र्याचं झाकण असतं ना, तेच. ते शोधणारा विल्यम पेंटर त्याला म्हणाला होता, की लोक एकदा वापरून फेकतील आणि परत विकत घ्यायला येतील असं काहीतरी शोध. जिलेट वर्षानुवर्षं त्याच नादात होता. १८९५ मध्ये एका सकाळी दाढीला बसला तर वस्तरा बोथट! तिथं त्याला सुचलं, की पातळ पत्र्याचं पातं करायचं, दोन्ही कडांना धार द्यायची आणि संपलं की टाकून द्यायचं.

सुचणं सोपं होतं. एवढ्या पातळ पोलादाला पाणी देऊन कडक करायचं, पण ते वाकडं होऊ द्यायचं नाही, यात सहा वर्षं गेली. ते जमवलं विल्यम निकरसन या इंजिनिअरनं. नाव मात्र जिलेटचं झालं. (हे इतिहासात नेहमीचंच आहे.) १९०१ मध्ये कंपनी निघाली. १९०३ मध्ये, विक्रीच्या पहिल्या वर्षी, रेझर खपले फक्त ५१ आणि पाती १६८. आणि पुढच्याच वर्षी रेझर ९० हजारांवर, पाती सव्वा लाखाच्या जवळपास! पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारनं सैनिकांसाठी ३५ लाख रेझर आणि ३ कोटी २० लाख पाती मागवली. ते सैनिक सवय घेऊनच घरी परतले.

म्हणजे मामांच्या प्रश्नाचं उत्तर शंभर वर्षांपूर्वीच ठरलं होतं. धंदा पात्यांचाच होता.

आता कुणी म्हणेल, ही तर फसवणूक झाली. मला तसं सरसकट वाटत नाही. ऑपरेशन थिएटरमध्ये बघा. पूर्वी सर्जनची सुरी अखंड असायची. जंतू मारायला उकळली की धार उतरायची, मग परत लावा. १९१५ मध्ये मॉर्गन पार्कर या तरुणानं दोन तुकड्यांच्या सुरीचं पेटंट घेतलं. मूठ कायमची आणि खाचेवर सरकवून बसवायचं पातं दर वेळी नवीन. त्या पात्यांचे १०, ११, १५ हे नंबर आजही आपल्याकडच्या दवाखान्यांत तसेच चालतात.

तिसरा टप्पा जपानचा आहे. ओसाकात छापखान्यात कागद कापणारे योशिओ ओकादा ब्लेड सारखं बोथट होतं म्हणून वैतागले होते. चांभार तळवे तासायला फुटकी काच वापरायचे. काचेचं टोक गेलं की ती परत फोडायची, ताजी धार तयार. ते त्यांनी पाहिलेलं होतं. शिवाय अमेरिकन सैनिक वाटायचे ते चॉकलेट आठवलं, रेघांवरून मोडणारं. दोन्ही एकत्र आलं आणि १९५६ मध्ये तुकडे मोडत वापरायचं पातं जन्मलं. स्टेशनरीच्या दुकानातला कटर तो हाच.

माझ्या चाकूत या सगळ्यांची खिचडी आहे. सर्जनच्या सुरीसारखं पातं, पण घडीच्या मुठीत. असले चाकू अमेरिकेत शिकाऱ्यांनी उचलून धरले. कातडी सोलताना केस-मातीनं धार पटकन जाते आणि थंडीत दगड कोण घासत बसणार? तोटा एकच, पण मोठा. पातं अतिशय पातळ असतं. कापायला उत्तम, पण पिळलंत, उचकटायला वापरलंत की तुकडा उडतो. डोळ्यात जाऊ शकतो.

आणि बदलताना पकड वापरा. मी बोटांनी ओढायला गेलो. अंगठ्याला तीन टाके. टाके काढायला सिस्टरांनी पाकीट फोडलं, तर पात्यावर ११ नंबर. मॉर्गन पार्करसाहेब, नमस्कार!

तरी मामांच्या हट्टापायी मी धार लावून पाहिलीच. वस्त्र्याची गंमत त्यांनी तेव्हा सांगितली. वस्त्र्याची पाठ जाड असते. पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकवून ठेवली की कोन आपोआप जमतो. माझ्या पात्याला अशी पाठच नाही. जाडी अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. मुठीत बसवूनच, बारीक दगडावर, अजिबात जोर न देता फिरवलं. पलीकडच्या कडेला नखाला खरखर लागली की बाजू बदलायची आणि शेवटी ती खरखर चामड्यावर उतरवायची. कुरिअरची खोकी कापण्याइतकी धार आली, दोन वेळा. तिसऱ्यांदा नाही. बांधकामवाल्यांच्या कटरचं चौकोनी, थोडं जाड पातं असतं, ते याहून बरं ऐकतं. युद्धाच्या टंचाईत लोक काचेच्या ग्लासात आतून दाढीचं ब्लेड घासून चालवायचे, ते खोटं नव्हतं तर.

पण मामांनी वस्तरा का ठेवून दिला? नव्वदच्या दशकात एड्सची भीती गावोगाव पोचली. गिऱ्हाईक खुर्चीत बसायच्या आधी म्हणायचं, "नवीन ब्लेड घाला हां." मग अर्धं ब्लेड घालायचा वस्तरा आला. मामा म्हणतात, "बरोबरच होतं त्यांचं. पण माझ्या बापाकडनं शिकलेली निम्मी विद्या त्या दिवशी ड्रॉवरमध्ये गेली." धार लावायला येणारा शिकलगारही हळूहळू सलूनकडे फिरकेनासा झाला. आता कात्र्यांपुरता कधीतरी येतो.

आणि वापरलेली पाती? अमेरिकेत जुन्या घरांच्या बाथरूमच्या कपाटात एक फट असायची. ब्लेड त्यात टाकलं की सरळ भिंतीच्या पोकळीत! आज घरं पाडताना गंजलेल्या ब्लेडचे ढीग निघतात. आपल्याकडे भिंत नाही, कचऱ्याची पिशवी आहे. आणि ती हातानं उचलणारी बाई आहे.

मामांकडे तेलाचा जुना पत्र्याचा डबा आहे. झाकणाला छिन्नीनं फट पाडलेली. भरला की फट ठोकून बंद करतात आणि भंगारवाल्याला आत काय आहे ते सांगून देतात. माझी चार पाती आता त्यातच आहेत. सहा उरलीत.

भेटू पुढच्या भागात.