मोळीवालीची गोष्ट कोण सांगतं?

नागपूरच्या सक्करदऱ्यात १९०८ साली रघुजीराजे भोसल्यांनी ताजुद्दीनबाबांना आपल्या वाड्यात आणून ठेवलं. मराठा राजघराणं आणि मुसलमान फकीर एका छपराखाली. या भागातली मुलं आजही बाबांच्या छोट्या ताजबागेच्या शेजारी वाढतात. मराठी मुलांच्या पुस्तकांत मात्र असा शेजार यायला फार काळ गेला.

१८२८ सालचं ‘बाळमित्र’ सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी इंग्रजीवरून केलं. मूळ लेखक बेर्कें हा फ्रेंच. म्हणजे मराठी मुलाच्या सुरुवातीच्या छापील सोबत्यांतला हा एक परमुलखातलाच. १९०६ला वा. गो. आपट्यांचं ‘आनंद’ मासिक निघालं, आणि मराठी घर पानांवर दिसू लागलं. ते घर बहुधा पांढरपेशंच असायचं.

मग १९३५ला ‘श्यामची आई’. एका म्हातारीची लाकडाची मोळी खाली पडते. ती महार, म्हणून कोणी हात लावत नाही. आई श्यामला मोळी उचलून द्यायला पाठवते, आणि घरी येऊन आंघोळ कर, असंही सांगते. मला हा प्रसंग मोलाचा वाटतो तो त्या आंघोळीसकट. साने गुरुजींनी ती गाळली असती, तर पुस्तक अधिक सोज्वळ झालं असतं, पण खरं राहिलं नसतं. तरीही गोष्ट सांगतो श्याम. म्हातारीनं घरी जाऊन नातवंडांना काय सांगितलं, ते त्या पुस्तकात येणं शक्यच नव्हतं.

ती नातवंडं पुढे स्वतः लिहू लागली. १४ ऑक्टोबर १९५६ला याच नागपुरात धम्मदीक्षा झाली. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८चं, प्र. ई. सोनकांबळ्यांचं ‘आठवणींचे पक्षी’ त्याच्या पुढच्या वर्षीचं. लहानपण दोन्हींत ठासून भरलेलं, पण जागा मोठ्यांच्या कपाटात.

२०११ला दिल्लीच्या ‘नवयान’नं इंग्रजीतून ‘भीमायन’ हे बाबासाहेब आंबेडकरांवरचं चित्रपुस्तक काढलं. तहानलेला छोटा भीम त्यात स्वतःच बोलतो. चित्रं दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांची. जातीचा विखार ओकणाऱ्यांच्या बोलण्याला त्यांनी विंचवाची नांगी लावली. कुठल्याही वयाच्या मुलाला हे समजावून सांगावं लागत नाही.

नागपूर वसवणारा बख्त बुलंद गोंडच. ‘प्रथम बुक्स’च्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर आता गोंडीतल्या गोष्टीही मोफत वाचता येतात. सक्करदऱ्यातल्या शाळांनी त्या वर्गात मोठ्यानं वाचाव्यात, आणि ज्याच्या आजीला गोंडी येते त्याला पहिल्यांदा वाचू द्यावं.