शिट्टीपासून चिपपर्यंत

आपल्या शाळेच्या क्रीडास्पर्धेत शर्यत संपली की वहीत तीन नावे लिहिली जायची. स्टॉपवॉच एकच, त्यामुळे वेळ मोजली जायची ती पहिल्याची. चौथ्यापासून पुढचे सगळे नुसते 'सहभागी'. यात पी.टी.च्या सरांचा काही दोष नव्हता. मोठमोठ्या शर्यतींतही अनेक वर्षे घड्याळ माणसाच्याच हातात होते.

हाताने घेतलेली वेळ साधारण पाव सेकंदाने कमी भरते, कारण बार ऐकून किंवा धूर पाहून बोट दाबायला तेवढा उशीर होतोच. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये मिल्खासिंग यांची वेळ हातघड्याळाने ४५.६ सेकंद भरली, तर विजेच्या यंत्राने ४५.७३. पुढे निर्णय कॅमेऱ्यावर आला. १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला पी. टी. उषा यांचे कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकले: ५५.४१ आणि ५५.४२.

पण हे झाले आठ जणांच्या शर्यतीचे. रस्त्यावर हजारो माणसे धावतात, तिथे कॅमेरा पुरत नाही. शिवाय मागे उभा असलेला माणूस बार झाल्यावर काही मिनिटांनी सुरुवातीच्या रेषेपर्यंत पोहोचतो आणि ती मिनिटे त्याच्याच खात्यात जमा होतात. यावर तोडगा निघाला तो नेदरलँड्समधल्या 'चॅम्पियनचिप'ने. बुटाच्या नाडीत ओवायची ही छोटीशी चकती. एप्रिल १९९६ मध्ये, आपण दहावीचा पेपर देऊन निकालाची वाट पाहत होतो तेव्हा, बोस्टन मॅरेथॉनच्या शंभराव्या शर्यतीत ती वापरली गेली. त्या वर्षी तिथे ३८ हजारांहून अधिक लोकांनी नावे नोंदवली होती.

या चिपमध्ये बॅटरी नसते. रस्त्यावर अंथरलेल्या मॅटमधल्या अँटेनाकडून रेडिओलहरी येतात, त्यांच्याच ऊर्जेवर ती जागी होते आणि आपला क्रमांक सांगते. समृद्धी महामार्गाच्या टोलवर गाडीच्या काचेवरचा फास्टॅग वाचला जातो, तो याच जातीचा. आता बहुतेक ठिकाणी चिप छातीवरच्या नंबरच्या कागदालाच मागून चिकटवलेली असते. एक माणूस मॅट ओलांडताना त्याची चिप अनेकदा वाचली जाते. त्यातली नेमकी कोणती नोंद धरायची, हे सॉफ्टवेअर ठरवते. माझ्यासारखीला खरी गंमत वाटते ती इथे. शेवटच्या रेषेची वेळ वजा सुरुवातीच्या रेषेची वेळ, एवढेच गणित. पण ते प्रत्येकाचे वेगळे.

वाटेतल्या मॅटचाही उपयोग होतो. १९८० मध्ये बोस्टनला रोझी रुइझ ही बाई पूर्ण अंतर न धावता शेवटाजवळ शर्यतीत घुसली आणि पहिली आली. काही दिवसांनी तिचे विजेतेपद काढून घेतले गेले. आज असे कोणी केले, तर मधल्या मॅटवर त्याची नोंदच सापडणार नाही.

तरीही चिपला सगळे अधिकार दिलेले नाहीत. नियमाप्रमाणे धावपटूची छाती रेषेवर कधी पोहोचली ते पाहायचे असते आणि चिप तर बुटावर किंवा कागदावर. म्हणून चुरशीचा निकाल आजही कॅमेराच देतो. आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटे ११.२० सेकंदांत दुसरा आला. सुवर्ण गेले अवघ्या ०.०५ सेकंदाने. रस्त्यावरच्या शर्यतीतही विजेता ठरतो तो बार झाल्यापासूनच्या वेळेवर.

मग चिप आली कोणासाठी? माझ्या मते चौथ्यापासून शेवटच्यापर्यंत सगळ्यांसाठी. पहिल्याची वेळ आधीही मोजली जात होतीच. २००४ पासून होणाऱ्या मुंबई मॅरेथॉनचा निकाल उघडून पाहा. पाचवा तास उलटल्यावर पोहोचलेल्या माणसापुढेही तास, मिनिटे, सेकंद लिहिलेले असतात. पंचेचाळिशीत पळायला लागलेल्या आपल्या वर्गमित्र-मैत्रिणींना एवढेच सांगणे: सर्टिफिकेटवर 'गन टाइम' आणि 'नेट टाइम' असे दोन आकडे असतात. पहिला स्पर्धेचा, दुसरा तुमचा.