अचल भूमीविरुद्ध तीन साक्षी

भूकंप म्हटला की मध्य भारतातील माणसाला हिमालय आठवतो, आसाम आठवतो, फार झाले तर कच्छ. आपल्या पायांखालची भूमी त्या कुळातली नव्हे, अशी त्याची पिढीजात समजूत. इंदूर ज्या काळ्या कातळावर वसले तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झाला, आणि तोच खानदेश, वऱ्हाड, मराठवाडा ओलांडून सह्याद्रीच्या कड्यांपर्यंत पोचला आहे. महूजवळच्या ज्या जानापाव टेकडीला परशुरामाचे जन्मस्थान मानतात ती, आणि ज्या परशुरामाने समुद्र हटविला त्याच्या रत्नागिरीचा घाटमाथा, ही दोन्ही एकाच दगडाची. इतके जुने, इतके घट्ट ते हलावे कसे? कायद्याच्या भाषेत हे एक गृहीत झाले: विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरे धरावयाचे. तो पुरावा कसा येत गेला, तेवढेच येथे सांगावयाचे आहे.

खटल्याचा आरंभ आमच्याच प्रांतातून झाला हे पुष्कळांस ठाऊक नसते. नर्मदेच्या दक्षिणेकडील गोंडांच्या मुलुखावरून मेडलिकट या भूशास्त्रज्ञाने १८७२ मध्ये तेथील खडकांना ‘गोंडवन’ हे नाव दिले. पुढे ऑस्ट्रियाच्या स्यूसने तेच नाव दक्षिण गोलार्धातील एका प्राचीन महाखंडास लावले. आफ्रिका, भारत, ऑस्ट्रेलिया यांतून सारख्याच वनस्पतींचे जीवाश्म सापडत होते. १९१२ मध्ये वेगेनरने खंडेच सरकली असा दावा मांडला. त्याचा पुरावा सारा परिस्थितिजन्य होता, आणि इतकी अजस्र वस्तू कोणत्या बळाने हलते, याचे समाधानकारक उत्तर त्याच्यापाशी नव्हते. विद्वानांच्या पंचायतीने दावा जवळजवळ फेटाळला. १९६३ मध्ये व्हाइन आणि मॅथ्यूज यांनी सागरतळावरील चुंबकीय पट्ट्यांचा अर्थ लावला, तेव्हा मात्र निकाल फिरला. सागरतळ नव्याने घडतो आणि दोन्ही अंगांना सरकतो, हे कातळानेच लिहून ठेवले होते.

या नव्या शास्त्राप्रमाणे पृथ्वीचे कवच काही मोठ्या आणि अनेक लहान भूपट्टांचे बनले आहे. भारताचा भूपट्ट वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर, म्हणजे नखे वाढावीत त्याच वेगाने, उत्तरेकडे सरकत आशियाला रेटतो आहे. त्या रेट्यातून हिमालय उठला. भूकंप बहुतेक अशा सीमांवर होतात, हे ऐकून दख्खनचा माणूस पुन्हा निश्चिंत झाला. परंतु सीमेवरचा रेटा सीमेवरच थांबत नाही. तो खडकांतून आत पोचतो आणि जेथे जुनी भेग असेल तेथे साचत राहतो.

पहिली साक्ष कोयनेची. शिवाजीसागरात १९६२ च्या सुमारास पाणी साठू लागले आणि लहान धक्के जाणवू लागले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ प्रतीचा धक्का बसला. कोयनानगर उद्ध्वस्त झाले, सुमारे दोनशे माणसे गेली, धरणाच्या भिंतीला तडे पडले. पाण्याचा भार आणि भेगांत झिरपलेल्या पाण्याचा दाब यांनी आधीच ताणलेला खडक सरकला, असे शास्त्रज्ञ मानतात. पाण्याने ताण निर्माण केला नाही. त्याला वाट करून दिली.

दुसरी साक्ष किल्लारीची. ३० सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशीनंतरची पहाट. गणपती विसर्जून लोक गाढ झोपले होते. तेथे कोयनेएवढे मोठे धरण नव्हते आणि तत्कालीन नकाशावर हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. मृतांची संख्या आठ ते दहा हजारांच्या दरम्यान सांगतात.

तिसरी साक्ष आमच्या नर्मदेची. विंध्य आणि सातपुडा यांच्यामधून ती पश्चिमेस वाहते, कारण तिची दरी खचलेल्या भूमीची आहे. शोण व नर्मदा यांना जोडणारी ती भेगांची रेघ जुनी, परंतु मेलेली नव्हे. १९२७ मध्ये शोणखोरे हादरले, १९३८ मध्ये सातपुडा. आणि २२ मे १९९७ रोजी जबलपूर. त्या वेळी प्रत ५.८ होती आणि बळी चाळिसांच्या आसपास. जामघाटाने महेश्वरास उतरणारा प्रवासी याच खचलेल्या दरीत पाऊल टाकीत असतो.

तिन्ही साक्षी जुळवून पाहिल्या तर गृहीत टिकत नाही. २००२ मध्ये भारतीय मानकाने नकाशातील पहिला विभागच काढून टाकला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्यात गेला. पण ही दुरुस्ती हजारो प्रेतांनंतरची. नकाशा म्हणजे आजवर नोंदलेल्या धक्क्यांचा सारांश. नोंद नाही म्हणजे धक्का नाही, असा त्याचा अर्थ कोणताही विचारी न्यायाधीश लावणार नाही.

शिवाय किल्लारीत माणसे मारली ती मुख्यतः घरांनी: मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनी आणि माथ्यावरच्या मातीच्या जड धाब्यांनी. भिंतीच्या दोन्ही अंगांना एकत्र धरणारे लांब दगड आणि छताखाली चहूबाजूंनी फिरणारा एक बळकट पट्टा, एवढ्याने पुष्कळ जीव वाचले असते. याला खर्च थोडा, शास्त्रही जुनेच. परंतु हे नियम खेड्यातील गवंड्याच्या हातापर्यंत पोचले नव्हते. भूमीवर खटला चालत नाही, तिला समन्स बजावता येत नाही. भिंत मात्र आपण बांधतो, आणि तिचे उत्तरही आपल्यालाच द्यावे लागते.