डाउन-बॅलट मते : अमेरिकी मतपत्रिकेतील वरच्या आणि खालच्या बेरजा

अमेरिकेतील नोव्हेंबरच्या सार्वत्रिक निवडणुकीत मतदाराच्या हाती येणारी मतपत्रिका एकाच पदाची नसते. दर चार वर्षांनी तिच्या माथ्यावर राष्ट्राध्यक्षपद असते. त्याखाली, त्या वर्षी जी पदे मुदतीनुसार रिकामी होत असतील त्याप्रमाणे, सिनेट, प्रतिनिधीगृह, गव्हर्नर, राज्य विधिमंडळ, न्यायाधीश, शेरीफ, शाळा मंडळ आणि शेवटी सार्वमताला टाकलेले प्रश्न येतात. माथ्याखालच्या या लढतींना डाउन-बॅलट म्हणतात. वरच्या लढतीला पडलेली एकूण मते आणि खालच्या लढतींना पडलेली मते ताडून पाहणे हा तिथल्या निवडणूक-अभ्यासाचा जुना भाग आहे. अलीकडच्या काळात तो निकालावर शंका घेण्याचाही आधार बनला आहे. म्हणून या बेरजा काय सांगतात आणि काय सांगू शकत नाहीत, हे नीट समजून घेतले पाहिजे.

मतपत्रिकेवर खाली जावे तशी मते घटत जातात. राष्ट्राध्यक्षाला मत दिलेला प्रत्येक जण न्यायाधीशांच्या नावांपर्यंत पोहोचतोच असे नाही. या गळतीला रोल-ऑफ म्हणतात. राज्यशास्त्रज्ञ वॉल्टर डीन बर्नहॅम यांनी १९६५ मध्ये मतदारांच्या घटत्या सहभागाचे एक माप म्हणून तिचा वापर केला. एखाद्या लढतीत मतदाराने कोणतीच खूण केली नाही, तर त्या कोऱ्या जागेची नोंद अंडरव्होट म्हणून होते. मंजूर संख्येपेक्षा जास्त खुणा केल्या तर ते ओव्हरव्होट ठरते आणि त्या लढतीपुरते मत बाद होते. बाकीची पत्रिका वैध राहते. एकाच मतपत्रिकेवरील दोन लढतींच्या बेरजा सहसा जुळत नाहीत, त्याचे साधे कारण हेच आहे.

वजाबाकी किती फसवी असू शकते याचे उत्तम उदाहरण २०२० मधील जॉर्जिया. तिथे जो बायडेन यांनी डोनाल्ड ट्रम्प यांच्यावर ११,७७९ मतांनी मात केली. त्याच पत्रिकेवर सिनेटच्या लढतीत रिपब्लिकन डेव्हिड पर्ड्यू यांना ट्रम्प यांच्यापेक्षा ७६३ मते जास्त पडली, तर डेमोक्रॅट जॉन ऑसॉफ यांना बायडेन यांच्यापेक्षा सुमारे ९९ हजार कमी. एवढे बायडेन-मतदार सिनेटची जागा कोरी सोडून निघून गेले, असा निष्कर्ष कुणी काढला तर तो आकड्यांवरच टिकत नाही. प्रत्येक लढतीतील तीन उमेदवारांच्या बेरजा मांडल्या तर दोन्ही लढतींच्या एकूण मतांतला फरक सुमारे ४५ हजारांचा, म्हणजे एक टक्क्याच्याही आत आहे. सिनेटमधल्या लिबर्टेरियन उमेदवाराला त्या पक्षाच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारापेक्षा जवळजवळ ५३ हजार मते जास्त मिळाली होती. आणि ट्रम्प-पर्ड्यू यांच्या आकड्यांतील ते छोटेसे अंतरसुद्धा तेच मतदार दोघांकडे गेले असे सिद्ध करत नाही. काही हजार बायडेन-मतदार पर्ड्यूंकडे आले आणि तितक्याच ट्रम्प-मतदारांनी पर्ड्यूंना मत दिले नाही, तरी अंतर तेवढेच दिसेल. बेरजेत निव्वळ फरक उरतो. मतदारांची ये-जा तिच्यात पुसली जाते.

२०२४ मध्ये ॲरिझोना, मिशिगन, नेव्हाडा आणि विस्कॉन्सिन या चार राज्यांत राष्ट्राध्यक्षपदाला ट्रम्प जिंकले आणि सिनेटला डेमोक्रॅट. मिशिगनचे आकडे यात सर्वांत बोलके आहेत. सिनेटच्या डेमोक्रॅट उमेदवार एलिसा स्लॉटकिन यांना राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवार कमला हॅरिस यांच्यापेक्षा सुमारे २४ हजार मते कमीच पडली. हॅरिस ८० हजारांनी हरल्या आणि स्लॉटकिन १९ हजारांनी जिंकल्या, कारण रिपब्लिकन माइक रॉजर्स ट्रम्प यांच्यापेक्षा सव्वा लाखाच्या आसपास मागे राहिले. केवळ राष्ट्राध्यक्षासाठी येणारा आणि बाकी रकाने सोडून देणारा मतदार ट्रम्प यांच्या पाठीराख्यांत मोठ्या संख्येने आहे, हे या फरकाचे एक संभाव्य स्पष्टीकरण. वर एका पक्षाला आणि खाली दुसऱ्याला मत देणे हे दुसरे. दोहोंचे प्रमाण किती, हे राज्यभराच्या बेरजांवरून ठरवता येत नाही. घोटाळा झाला असे तर त्यावरून मुळीच ठरत नाही.

मराठी वाचकाला हे दूरचे वाटू नये. नोव्हेंबर २०२४ मध्ये नांदेडला विधानसभेबरोबर लोकसभेची पोटनिवडणूक झाली. मतदारांनी एकाच दिवशी दोन मते दिली. लोकसभेची जागा काँग्रेसचे रवींद्र चव्हाण यांनी १,४५७ मतांनी राखली, आणि त्या मतदारसंघातील सहाही विधानसभा जागा महायुतीने जिंकल्या. रवींद्र यांचे वडील वसंतराव चव्हाण यांच्या निधनामुळे लोकसभेची ती जागा रिकामी झाली होती. तिथल्या मतदाराने दोन प्रश्नांना दोन वेगळी उत्तरे दिली, आणि त्यात असंभव काही नव्हते.

तरीही प्रत्येक गळती नैसर्गिक असते असे मानणे हीसुद्धा चूक ठरेल. २००६ मध्ये फ्लोरिडाच्या तेराव्या प्रतिनिधीगृह मतदारसंघात व्हर्न बुकॅनन यांनी क्रिस्टीन जेनिंग्ज यांना ३६९ मतांनी हरवले. मतदारसंघातील सॅरासोटा काउंटीत या एका लढतीत सुमारे १८ हजार मतपत्रिका कोऱ्या निघाल्या. टपालाने आलेल्या कागदी पत्रिकांवर कोऱ्या जागांचे प्रमाण तीन टक्क्यांहूनही कमी होते. टचस्क्रीन यंत्रांवर ते पंधरा टक्क्यांच्या आसपास होते. काउंटी तीच, उमेदवार तेच, माध्यम मात्र वेगळे. यंत्राच्या पडद्यावर ही दोन नावांची लढत वरच्या पट्टीत दबली होती आणि तिच्याखाली गव्हर्नरपदाची लांब यादी ठळक मथळ्यासह होती. नजर थेट तिकडे गेली, असे अनेक अभ्यासकांचे मत पडले. संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने यंत्रे तपासली. यंत्रातील बिघाडाचा पुरावा मिळाला नाही. जेनिंग्ज यांना जागा मिळाली नाही. फ्लोरिडाने पुढच्याच वर्षी कायदा करून कागदी मतपत्रिकेकडे परतण्याचा निर्णय घेतला.

कागदही निर्दोष नसतो. २०१८ मध्ये त्याच राज्यात सिनेटसाठी रिपब्लिकन रिक स्कॉट यांनी डेमोक्रॅट बिल नेल्सन यांना १०,०३३ मतांनी हरवले. ब्रॉवर्ड या डेमोक्रॅटबहुल काउंटीत सिनेटला गव्हर्नरपदापेक्षा सुमारे २५ हजार मते कमी पडली होती, आणि असे इतर काउंट्यांत झाले नव्हते. ब्रॉवर्डच्या पत्रिकेत डाव्या रकान्यात तीन भाषांतील लांबलचक सूचना होत्या आणि सिनेटची लढत त्या सूचनांच्या तळाशी टाकली होती. काही भागांत प्रतिनिधीगृहाचा उमेदवार बिनविरोध होता; फ्लोरिडात बिनविरोध नाव छापत नाहीत, त्यामुळे तिथे सूचनांखाली सिनेट एकटीच उरली. हाताने फेरमोजणी झाली तेव्हा त्या जागा खरोखरच कोऱ्या आढळल्या. म्हणजे मोजणी बरोबर होती आणि मांडणी चुकली होती. फेरमोजणीने अशी हानी भरून येत नाही. मतदाराने जे पाहिलेच नाही ते कुठल्याही यंत्रातून शोधून काढता येत नाही. मतपत्रिकेची मांडणी हा कारकुनी तपशील समजला जातो, तो मताधिकाराचा गाभा आहे.

अशा गोष्टी काउंटीगणिक बदलतात याचे मूळ राज्यघटनेत आहे. तिच्या पहिल्या अनुच्छेदातील चौथ्या कलमाने अमेरिकी संसदेच्या, म्हणजे काँग्रेसच्या, निवडणुकांची वेळ, स्थळ आणि पद्धत ठरवण्याचा अधिकार राज्यांच्या विधिमंडळांना दिला. काँग्रेसला त्यात बदल करण्याची मुभा ठेवली. भारतासारखा लोकसभा-विधानसभांच्या निवडणुका चालवणारा केंद्रीय आयोग तिथे नाही. २००२ च्या कायद्याने स्थापन झालेला निवडणूक साहाय्य आयोग यंत्रांचे निकष आणि मार्गदर्शन देतो, निवडणूक घेत नाही. विधिमंडळाचा हा अधिकार राज्याच्या न्यायालयांच्या आवाक्याबाहेर आहे, असा युक्तिवाद २०२३ मध्ये मूर विरुद्ध हार्पर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी फेटाळला.

राज्याराज्यांतील नियमांचा खालच्या बेरजांवर थेट परिणाम होतो. एकाच खुणेने पक्षाच्या सर्व उमेदवारांना मत देण्याची सोय २०२४ मध्ये सहाच राज्यांत उरली होती. मिशिगनच्या मतदारांनी ती २०१८ मध्ये सार्वमताने परत आणली. टेक्सासने २०२० पासून बंद केली. या खुणेत पक्षविरहित न्यायाधीशपदे आणि सार्वमताचे प्रश्न येत नाहीत, म्हणून पत्रिकेच्या शेवटी ते सुटून जातात. नेव्हाडात १९७० च्या दशकापासून ‘यांपैकी कोणीही नाही’ हा पर्याय आहे. मेनमध्ये पसंतीक्रमाने मतदान होते. २०१८ मध्ये पहिल्या पसंतीत मागे असलेले जॅरेड गोल्डन त्यामुळेच प्रतिनिधीगृहात पोहोचले. जॉर्जियात पन्नास टक्के पार करावे लागतात, म्हणून ४९.७ टक्के मिळवलेल्या पर्ड्यू यांना जानेवारी २०२१ मध्ये पुन्हा लढावे लागले आणि ते ऑसॉफ यांच्याकडून हरले. पेनसिल्व्हेनियात टपाली पाकिटे मतदानाच्या दिवशी सकाळी सात वाजेपर्यंत उघडता येत नाहीत, फ्लोरिडात ती बरीच आधी उघडतात. रात्रीचे आकडे कुठे लवकर स्थिरावतात आणि कुठे दिवसेंदिवस बदलत राहतात, ते बहुतांशी अशा तरतुदींवर ठरते.

खालच्या लढतीसाठी नियमांवरचा वाद किती लांबू शकतो हे नॉर्थ कॅरोलायनाने दाखवले. २०२४ मध्ये राज्य सर्वोच्च न्यायालयाच्या एका जागेवर ॲलिसन रिग्ज ७३४ मतांनी पुढे होत्या. प्रतिस्पर्धी जेफरसन ग्रिफिन यांनी नोंदणीतील अपुरी माहिती, परदेशस्थ मतदारांचे ओळखपत्र अशा कारणांवरून साठ हजारांहून अधिक मतपत्रिकांना आव्हान दिले. त्याच पत्रिकांवर दिलेली राष्ट्राध्यक्षपदाची मते निर्विवाद मोजली गेली होती. मतदारांनी त्या वेळी लागू असलेले नियम पाळले होते, आणि नियम मागाहून बदलून त्यांची मते काढणे अन्यायाचे होते. मे २०२५ मध्ये संघीय न्यायालयाने नेमका हाच निवाडा दिला आणि ग्रिफिन यांनी हार मान्य केली.

शंका आली तर तपासाचा मार्ग बेरजेपेक्षा एकेका पत्रिकेकडे जातो. प्रत्येक मतपत्रिकेवरील सर्व खुणांची यंत्राने केलेली नोंद उपलब्ध असेल, तर वर कुणाला आणि खाली कुणाला हे थेट मोजता येते, अंदाज करावा लागत नाही. कोलोरॅडोने २०१७ पासून यादृच्छिक निवडलेल्या कागदी पत्रिका हाताने ताडण्याची जोखीम-मर्यादित तपासणी राज्यभर लागू केली. लढत जितकी चुरशीची, तितक्या जास्त पत्रिका काढल्या जातात. खुणांची नोंद जाहीर करण्यात मात्र एक अडचण राहते. मोजकेच मतदार असलेल्या लहान केंद्रात पत्रिका जाहीर झाली तर मत कोणाचे ते ओळखू येऊ शकते, म्हणून काही ठिकाणी अशा केंद्रांची नोंद झाकून किंवा शेजारच्या केंद्रात मिसळून दिली जाते.