बक्षीसपत्रातली एक अट

समजा, डहाणूतल्या एका आजोबांनी चिकूची वाडी मुलाच्या नावावर केली आणि मग मुलाने विचारणंच सोडलं. वाडी परत मिळेल?

१८८२चा मालमत्ता हस्तांतरण कायदा सांगतो, बक्षीसपत्र मनात आलं म्हणून रद्द होत नाही. पोटगीचंही तसंच. १८९८च्या फौजदारी संहितेत फक्त बायको-मुलं होती. आईवडील आले थेट १९७३च्या संहितेत, कलम १२५मध्ये. १९८७ला सुप्रीम कोर्टाने कल्याणच्या एका खटल्यात सांगितलं, लग्न झालेली लेकही जबाबदार. (डहाणू-तलासरी तेव्हा कल्याणसारखेच ठाणे जिल्ह्यात होते.) पण पोटगी मिळाली तरी जमीन गेली ती गेलीच.

२००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ इथे कामी येतं. सांभाळायच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळलं नाही तर फसवणुकीने घेतली असं धरून रद्द करता येते. अर्ज प्रांतांकडे, डहाणू आणि तलासरी, दोन्ही तालुक्यांसाठी डहाणूचेच प्रांत.

खरी गोम 'अटीवर' या शब्दात आहे. आम्हा कोडवाल्यांना कळेल, 'इफ' लिहिलंच नाही तर पुढचं चालणार कसं? डिसेंबर २०२२मध्ये सुप्रीम कोर्टाने तेच म्हटलं: अट नाही, तर कलम २३ नाही. मला ते कठोर वाटलं. किती म्हातारी माणसं पोटच्या पोराला अट घालतात?

मग छतरपूरच्या एका आईची केस आली. २०१९च्या बक्षीसपत्रात मुलगा सांभाळतो असा उल्लेख होता, वेगळं वचनपत्रही होतं. मुलगा म्हणाला, वचनपत्र खोटं. २ जानेवारी २०२५ला कोर्टाने दोन्ही कागद एकत्र वाचले, कायदा ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे लावला आणि बक्षीसपत्र रद्द केलं. ताबा २८ फेब्रुवारीपर्यंत आईला द्यायचा होता.