भविष्यकथन, भूमिकाखेळातील

भूमिकाखेळात ज्योतिषी, पत्ते मांडणारी स्त्री किंवा देववाणी सांगणारा पुजारी यांच्या मुखातून सूत्रधाराने खेळाडूंच्या पात्रांचे भवितव्य वर्तविण्याचा प्रसंग. मेजाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या या खेळात प्रत्येक खेळाडू एका पात्राची भूमिका घेतो. उरलेली पात्रे व कथेची परिस्थिती सूत्रधार सांभाळतो. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी रचलेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा या प्रकारातील पहिला प्रकाशित खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला.

अशा प्रसंगात एक मूलभूत अडचण असते. कादंबरीकार शेवट स्वतः ठरवितो. येथे मात्र तो खेळाडूंच्या निर्णयांवर व फाशांच्या दानावर अवलंबून असतो. सूत्रधाराने निश्चित भाकीत केले, तर ते खोटे ठरण्याचा संभव असतो. ते खरे करण्याचा अट्टहास केला, तर खेळाडूंचे स्वातंत्र्य संपुष्टात येते.

या अडचणीवरचा एक उल्लेखनीय तोडगा ट्रेसी व लॉरा हिकमन या दांपत्याच्या ‘रेव्हनलॉफ्ट’ (१९८३) या साहसकथेत आढळतो. तीत मादाम एव्हा ही भविष्यवेत्ती पत्ते मांडते. निघालेल्या पत्त्यांवरून रक्तपिपासू सरदार स्ट्राड याचा हेतू आणि त्याच्याविरुद्ध उपयोगी पडणाऱ्या वस्तूंची स्थाने त्याच क्षणी ठरतात. भाकीत खरे ठरते, कारण त्यानेच कथेची मांडणी निश्चित केलेली असते; पुढे काय करावयाचे, हे मात्र खेळाडूंच्या हाती राहते. ‘कर्स ऑफ स्ट्राड’ (२०१६) या नव्या रूपात यासाठी ‘टारोका’ नावाचा ५४ पत्त्यांचा संच योजिला आहे. त्याचे नाव व स्वरूप टॅरो पत्त्यांची आठवण करून देणारे आहे. टॅरो पत्तेही मुळात पंधराव्या शतकात उत्तर इटलीत खेळासाठीच निर्माण झाले. भविष्यकथनासाठी त्यांचा प्रसार अठराव्या शतकात, मुख्यतः फ्रान्समध्ये झाला.

पूर्वतयारी नसताना सूत्रधाराला भाकीत उत्स्फूर्तपणे रचावे लागते. त्यासाठी अनेकार्थी प्रतिमा उपयुक्त ठरते. ‘चंद्र उगवण्यापूर्वी तुझा हात रिकामा होईल’ या वाक्याची पूर्ती तलवार गमावल्याने, दान दिल्याने किंवा सोबत्याची साथ सुटल्यानेही होऊ शकते. सूत्रधार उच्चारलेले शब्द टिपून ठेवतो, खेळाडू त्यांचा कोणता अर्थ लावतात याकडे लक्ष देतो आणि योग्य घटना घडताच त्या शब्दांचे स्मरण करून देतो. अशा रीतीने भाकिताचा अर्थ सूत्रधार व खेळाडू मिळून मागाहून सिद्ध करतात. भाकीत अतिसंदिग्ध असल्यास मात्र त्याचे कुतूहल उरत नाही. म्हणून एखादी ठोस वस्तू, वेळ किंवा स्थळ त्यात असणे इष्ट असते.

या प्रसंगाची दुसरी बाजू सामाजिक आहे. मादाम एव्हा ही ‘विस्तानी’ या कल्पित भटक्या जमातीची असून ती जमात यूरोपातील रोमानी लोकांविषयीच्या रूढ पूर्वग्रहांवर बेतलेली होती. भविष्य सांगणारी गूढ, कपटी भटकी स्त्री हा साचा एका प्रत्यक्ष समाजाला शतकानुशतके जाचक ठरला आहे. या चित्रणावर टीका झाल्याने ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ या प्रकाशनसंस्थेने २०२० मध्ये ‘कर्स ऑफ स्ट्राड’च्या पुनर्मुद्रणात त्यासंबंधीच्या मजकुरात बदल केले. आयत्या वेळी पात्र रचताना परिचित साचाच प्रथम सुचतो. त्यामुळे ही दक्षता उत्स्फूर्त भविष्यकथनात विशेष आवश्यक ठरते.