न्हाण, खिचडी आणि आठवीनंतरची मुलगी

वयात येणाऱ्या मुलीच्या आहाराचा विचार मराठी समाजाने कधी केलाच नाही, असे म्हणता येणार नाही. पहिल्या न्हाणानंतर मुलीला मखरात बसवून गोडधोड खाऊ घालण्याची चाल आपल्याकडे होती. मात्र ते कौतुक मुलीचे नव्हते, तिच्या भावी मातृत्वाचे होते. १८९१ साली संमतिवय १० वरून १२ वर नेणाऱ्या कायद्याला विरोध झाला, तोही गर्भाधानसंस्काराच्या नावाने. व्यायामाचेही तेच. तालीम मुलग्यांची, मुलींच्या वाट्याला झिम्मा-फुगडी, तीही सणावारी.

शाळेने हे चित्र बदलायला हवे होते. १५ ऑगस्ट १९९५ रोजी शालेय पोषणाची राष्ट्रीय योजना सुरू झाली. २८ नोव्हेंबर २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने प्राथमिक शाळेत शिजवलेले अन्न मिळणे हा मुलांचा हक्क ठरला. पुढे योजना आठवीपर्यंत वाढली. सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यासाठी रोज ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने असे प्रमाण ठरले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचीही मर्यादा चौदा वर्षांचीच. कायद्याचे बालपण आठवीत संपते.

शरीराचे गणित वेगळे आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार १३ ते १५ वर्षांच्या मुलीला रोज ३० मिलिग्रॅम लोह लागते, त्याच वयाच्या मुलाला २२. म्हणजे गरज वाढत असतानाच ताट उचलले जाते.

१९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलेल्या वाकडचे उदाहरण घ्यावे. गगनचुंबी इमारतींच्या शेजारीच काळाखडकची वस्ती आहे. तिथली मुलगी नववीत गेली की शाळेतली खिचडी थांबते. उरते ती आठवड्याची लोहाची गोळी. १४ ते १८ वर्षांच्या मुलींसाठी २०२२ मध्ये सुधारलेली केंद्राची पोषणयोजना आकांक्षित जिल्ह्यांपुरती आणि ईशान्येकडील राज्यांपुरती आहे. पुणे जिल्हा त्यात नाही. समृद्ध जिल्ह्यातली गरिबी मोजणीत दिसत नाही. वेळापत्रकात शारीरिक शिक्षणाचा तास असतो, पण अर्धपोटी मुलीने धावायचे कशाच्या बळावर? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १५ ते १९ वयोगटातल्या ५९ टक्के मुली रक्तक्षयग्रस्त आढळल्या.

मखर गेले, याचे दुःख आम्हांस नाही. परंतु त्या जुन्या रूढीने निदान या वयाची दखल घेतली होती. तीच दखल आता, मातृत्वाची अट न घालता, दहावीपर्यंतच्या माध्यान्ह भोजनाने आणि त्याला जोडलेल्या खेळाच्या तासाने घ्यावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.